ग्रामपंचायतीची उदास खोली उजळताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या ग्रामपंचायतीची खोली दोन उन्हाळ्यांपूर्वी आम्ही नीटनेटकी करून घेतली. तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतील कर्मचारी आणि सदस्य फोनवर किंवा पंचायत समितीच्या आवारात गाठून तेच तेच प्रश्न विचारत आले आहेत. खोली बहुतेक ठिकाणी सारखीच असते. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (ज्यांना गाव अजूनही ग्रामसेवकच म्हणते), तलाठी, सेवा केंद्राचा संगणकचालक, रोजगार सेवक आणि शिपाई एवढे सगळे एकाच छताखाली बसतात आणि गाव दिवसभर येत-जात असते. पुढील उत्तरे अशाच सामाईक खोलीसाठी आहेत.

१. खोली उदास वाटते हे कळते, पण सुरुवात नेमकी कशापासून करावी?

खर्चाचा अंदाज काढण्याआधी दाराजवळच्या बाकावर अर्धा तास, अर्जदार बसतो तसे, बसून पाहावे. आमच्याकडे हे सुचले ते एका आजीमुळे. निराधार योजनेच्या चौकशीसाठी त्या आल्या, कापडी पिशवी छातीशी धरून उंबऱ्यातच थांबल्या आणि म्हणाल्या, "इथं कोनाले पुसा लागते, बाप्पा?" खोलीत आम्ही पाच जण होतो आणि पाचही जणांनी एकमेकांकडे पाहिले. त्या दिवशी दुपारी मी बाकावर जाऊन बसलो, तेव्हा दिसले ते असे : समोर लोखंडी कपाटाची गंजलेली पाठ, डोक्यावर फडफडणारी ट्यूब, तीन वर्षांपूर्वीचे कॅलेंडर, आणि पाण्याची कॅन शिपायाच्या टेबलाखाली, म्हणजे मागितल्याशिवाय न मिळणारी.

जे दिसेल ते कागदावर लिहून काढावे आणि मग कामाचा क्रम असा धरावा : आधी अडगळ, नंतर उजेड आणि हवा, मग भिंतींची दुरुस्ती, त्यानंतर रंग आणि सर्वांत शेवटी चित्रे व झाडे. बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा होतो आणि नवा रंग लावलेल्या भिंतीशी जुनीच कपाटे पुन्हा उभी राहतात.

२. यासाठी पैसा कुठून आणायचा?

घरपट्टी व इतर करांतून येणाऱ्या स्वनिधीतून, मासिक सभेत ठराव घेऊन. पहिल्या टप्प्यातील कामांना, म्हणजे अडगळ काढणे, टेबलांची मांडणी बदलणे आणि काचा धुणे यांना, पैसा जवळजवळ लागतच नाही. गावातील कोणी पंखा किंवा बाक देऊ केल्यास जरूर घ्यावा, मात्र रीतसर पावती द्यावी, वस्तू नोंदवहीत चढवावी आणि देणगीदाराचे नाव किती मोठ्या अक्षरांत येईल हे वस्तू घेण्यापूर्वीच ठरवावे. बाकाच्या पाठीवर वीतभर अक्षरांत नाव रंगवून आले की तो बाक गावाचा राहत नाही, हे अनुभवाने सांगतो.

३. मोडक्या खुर्च्या, जुनी दप्तरे, बंद पडलेले संगणक फेकून दिले तर चालतील का?

परस्पर फेकून चालणार नाही. मोडकी खुर्चीसुद्धा जडवस्तू नोंदवहीत असते आणि तिचे निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून ती वस्तू कमी करणे, रीतीने, सक्षम मंजुरी घेऊनच करावे लागते. त्यासाठी प्रत्येक वस्तूची यादी, तिची स्थिती आणि शक्य असल्यास फोटो तयार ठेवावा. ही कटकट वाटते खरी, परंतु एकदा यादी केली की अर्धी खोली मोकळी होते. आमच्याकडे कोपऱ्यातील ढिगात दोन खुर्च्या चांगल्या निघाल्या, त्यांना फक्त एकेक बोल्ट हवा होता.

दप्तराच्या बाबतीत अधिक सावध राहावे. अभिलेखांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते आणि अ वर्गातील कागद कायमचे जपायचे असतात. नमुना ८ ची जुनी आकारणी यादी धुळीने माखलेली दिसली म्हणून ती रद्दी ठरत नाही, कारण घराच्या वाटणीचा वाद निघाला की सारे गाव तीच शोधत येते. कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून थोडी वर ठेवावीत, म्हणजे वाळवीची माती चढू लागली तर वेळेत दिसते. रुमालात बांधलेल्या गठ्ठ्यांचे रुमाल धुऊन, त्यावर वर्ष आणि विषय यांच्या चिठ्ठ्या लावल्या, तरी रॅक पाहणाऱ्याला एकदम शिस्तीची वाटते.

४. खोलीत दिवसाही अंधार वाटतो. आणखी किती दिवे लावावेत?

दिवे वाढवण्यापूर्वी तीन कामे करावीत. खिडकीसमोरचे कपाट हलवावे, काचा दोन्ही बाजूंनी धुवाव्यात आणि छताला पांढरा रंग द्यावा. कापसाच्या आणि तुरीच्या हंगामात रस्त्यावरची धूळ इतकी बसते की काच मातकट झाल्याचे रोज पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. आमच्या खिडकीची काच पुसल्यावर शिपायाने स्वतःहून एक ट्यूब बंद केली.

त्यानंतर जुन्या ४० वॅटच्या नळ्या, ज्यांचा चोक वेगळी वीज खातो, काढून २० वॅटच्या एलईडी नळ्या बसवाव्यात. त्या साधारण २,००० ल्युमेन उजेड देतात. पाकिटावर रंगाचा आकडा छापलेला असतो : ६,५०० असेल तर उजेड निळसर पांढरा, ४,००० च्या आसपास असेल तर डोळ्यांना सौम्य. आपल्याकडे दुकानदार विचारल्याशिवाय पहिलाच देतो. दिवसभर बसणाऱ्या खोलीसाठी दुसरा मागून घ्यावा. दिव्याची जागा टेबलाच्या वर किंवा किंचित पुढे असावी. तो बसणाऱ्याच्या पाठीमागे असला की अर्जावर त्याच्याच डोक्याची सावली पडते आणि अंगठा कुठे लावायचा हे म्हाताऱ्या माणसाला दिसत नाही.

५. एप्रिल-मे मध्ये कूलर लावूनही खोलीत गुदमरते. काय चुकते?

कूलर बहुधा खोलीच्या आत ठेवलेला असतो. त्यामुळे तीच दमट हवा फिरत राहते आणि तासाभराने खोली ओल्या पोत्यासारखी होते. कूलरचे तोंड खिडकीतून आत आणि बाकी अंग बाहेर, शक्य तर सावलीत, असे बसवावे, आणि समोरच्या बाजूची खिडकी किंवा झरोका चार बोटे उघडा ठेवावा. हवेला बाहेर जायला वाट मिळाली तरच नवी कोरडी हवा आत येते, आणि पारा ४५ अंशांच्या वर गेलेल्या आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम काम करतो तो याच कोरडेपणामुळे. पावसाळा लागला की तोच कूलर निरुपयोगी होतो, म्हणून जूनअखेर तो रिकामा करून, पुसून, झाकून ठेवावा.

टाकीतील पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासावी. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि गावाला कोरडा दिवस पाळा म्हणून दवंडी देणाऱ्या कार्यालयाच्याच कूलरमध्ये अळ्या निघाल्या तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. कूलरच्या झोतासमोर दप्तराचे रॅक ठेवू नये. कागद फुगतात आणि शाई पसरते.

छत स्लॅबचे असो की टिनाचे, नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू होण्यापूर्वी त्यावर चुन्याचे दोन हात द्यावेत. चुना रात्रभर भिजवून, गाळून, त्यात डिंक मिसळून लावला की तो लवकर उडत नाही. पांढरे छत ऊन परतवते. खोली थंडगार होत नाही, पण दुपारी तीन वाजता पंख्यातून येणारी भट्टीची झळ नक्की कमी होते.

६. रंग देऊन वर्ष झाले नाही तोच भिंतीला पोपडे आले. रंग निकृष्ट होता का?

शक्य आहे, परंतु दोष बहुधा भिंतीत असतो. खालून दोन-तीन फुटांपर्यंत पांढरी भुकटी आणि पोपडे दिसत असतील तर तो लोणा आहे : जमिनीतील ओल क्षार घेऊन वर चढते, पाणी उडून जाते आणि क्षार गिलाव्यात राहतात. त्यावर ऑइल पेंटचा पट्टा मारणे हा आपल्याकडचा आवडता उपाय ओल आत कोंडतो, आणि पुढच्या वर्षी पोपडे त्या पट्ट्याच्या वर दिसतात. पन्हाळीचे पाणी भिंतीपासून दूर काढावे, बाहेरून भिंतीला टेकलेली माती हटवावी, खराब गिलावा खरवडून नव्याने करावा आणि तो पुरता वाळू द्यावा. आमच्या एका भिंतीला आम्ही घाईने पोळ्याच्या आठवड्यात रंग दिला होता. दिवाळीला त्याच भिंतीवरून रंगाचे तुकडे अर्जांवर पडत होते. रंगकाम पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या पुढे काढलेले बरे.

भेगांचे कारण वेगळे आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तिच्यावरची हलकी बांधकामे दरवर्षी थोडी हलतात आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खूण करून अंतर मे आणि सप्टेंबर महिन्यांत मोजावे. अंतर बदलत असेल तर लांबी (पुट्टी) भरण्यात पैसा घालू नये, अभियंत्याला दाखवावे.

७. कोणता रंग द्यावा? आमच्याकडे रंगावरूनच वाद झाला.

हा वाद आपल्या गावांत होणारच, कारण भगवा, निळा, हिरवा यांतील प्रत्येक रंग कोणाचा ना कोणाचा समजला जातो आणि निवडणुकीनंतर नव्या कार्यकारिणीला तो बदलावासा वाटतो. म्हणून भिंती फिकट बदामी किंवा मलईच्या रंगाच्या, छत पांढरे, आणि खालचा तीन फुटांचा पट्टा मातीच्या रंगाचा, असे केले तर उजेडही टिकतो, हातांचे डागही दिसत नाहीत आणि कोणाला त्यात आपला किंवा विरोधकाचा झेंडा दिसत नाही. गडद निळा-हिरवा ऑइल पेंट खोलीला दवाखान्याची कळा आणतो, हे माझे वैयक्तिक मत म्हणून सोडून द्यावे.

चमक हवीच असेल तर ती बदलता येण्याजोग्या वस्तूंतून आणावी. बुरडाकडून विणून घेतलेली बांबूची ताटी, अर्ज ठेवायला सुपे आणि टोपल्या, खिडकीला जाड सुती पडदे. बांबूच्या टोपल्यांवर जन्म, मृत्यू, रहिवासी असे शब्द रंगवून त्यांत कोरे अर्ज ठेवल्यापासून आमच्या शिपायाला दिवसातून पन्नास वेळा उठावे लागत नाही.

८. भिंतीवर वारली चित्रे काढून घेतली तर छान दिसेल ना?

छान दिसेल, परंतु वारली ही पालघर-ठाण्याकडील कला आहे आणि विदर्भातील प्रत्येक शाळा, बसथांबा आणि कार्यालयाची भिंत तिने भरून टाकण्याचे काही कारण नाही. आपल्याकडे गडचिरोली-चंद्रपूरचे गोंड, मेळघाटातले कोरकू, भंडारा-गोंदियाचे माजी मालगुजारी तलाव आणि तिथले सारस, झाडीपट्टीची नाटके, फाल्गुनातला पळस, मोहफुले वेचणाऱ्या बाया, एवढे विषय दारात उभे आहेत. गोंड शैलीत चित्र हवे असेल तर ते जाणणाऱ्या कलाकाराकडूनच, मोबदला देऊन, काढून घ्यावे. छायाचित्र पाहून रंगाऱ्याने मारलेली नक्कल त्या समाजातील माणसाला लगेच ओळखू येते.

याहून चांगले चित्र म्हणजे गावाचा मोठा नकाशा. आमच्याकडे जिल्हा परिषद शाळेच्या मुलांनी शिक्षकांच्या मदतीने नाला, विहिरी, पांदण रस्ते, अंगणवाडी आणि मोठा चिंचेचा वृक्ष दाखवणारा नकाशा रंगवला. लोक आता वाट पाहताना त्याच्यापुढे उभे राहून बोट ठेवून भांडतात की पांदण अशी नाही, तशी वळते. पूर्वी तेच लोक भिंतीकडे पाठ करून बसत.

९. फलक आणि तसबिरींनी भिंत भरून गेली आहे. काय काढता येईल?

काढता येणार नाहीत असे फलक आधी बाजूला काढावेत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे मिळणाऱ्या सेवा, शुल्क, मुदत आणि संबंधित अधिकारी यांची यादी. माहिती अधिकार अधिनियम, २००५ खालील जन माहिती अधिकारी व अपिलीय अधिकारी यांची नावे. आणि धूम्रपानबंदीचा ६० गुणिले ३० सेंटिमीटरचा फलक हे राहिलेच पाहिजेत. महापुरुषांच्या तसबिरींबाबत सामान्य प्रशासन विभागाच्या सूचना आहेत; त्या पाहून तसबिरी एका ओळीत, एका आकारात लावाव्यात आणि जयंतीला घातलेला हार दुसऱ्या दिवशी काढावा, कारण सुकलेला हार हा आदर नव्हे.

मुदत संपलेल्या योजनांची भित्तिपत्रके, सत्काराची छायाचित्रे आणि फाटलेले फ्लेक्स निःसंकोच काढावेत. राहिलेले फलक डोळ्यांच्या उंचीवर आणावेत. दहा फुटांवरून वाचायचे असेल तर अक्षर किमान एक इंच उंच असावे. आणि प्रत्येक टेबलावर नाव-पदापेक्षा मोठ्या अक्षरांत त्या टेबलावर होणारे काम लिहावे : "घरपट्टी, दाखले", "सातबारा, फेरफार", "रोजगार हमी". प्रश्न १ मधील आजींना वाचता येत नव्हते, म्हणून आम्ही त्याच पाट्यांवर घर, शेत आणि फावडे अशी छोटी चित्रेही काढून घेतली.

१०. कुंड्या ठेवल्या तर हवा शुद्ध होते का?

कार्यालयाच्या खोलीत होते असे म्हणता येत नाही. या समजुतीचा उगम १९८९ मधील नासाच्या अभ्यासात आहे आणि तो बंद पेट्यांमध्ये केलेला होता. उघड्या खिडकीने जी हवा बदलते तिच्यापुढे चार कुंड्यांचे काम नगण्य आहे. झाडे डोळ्यांसाठी ठेवावीत आणि ती जगतील अशीच निवडावीत. स्नेक प्लांट अंधारात व कमी पाण्यात तग धरते, कोरफड खिडकीत चालते, तुळस आणि अडुळसा बाहेर पायऱ्यांशी शोभतात. बाटलीतल्या मनी प्लांटचे पाणी कूलरप्रमाणेच दर आठवड्याला बदलावे (प्रश्न ५ पाहावा). डायफेनबॅकिया लहान मुले येणाऱ्या खोलीत नको, तिच्या चिकाने तोंडाची आग होते. पाणी घालण्याचे काम एका नावावर असावे. सगळ्यांचे झाड उन्हाळी सुट्टीत वाळते.

११. खर्ऱ्याच्या पिचकाऱ्यांचे काय करावे? रंग टिकतच नाही.

हा प्रश्न सर्वाधिक येतो. प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटलेला खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, तोंडात असलेला माणूस बोलायला लागण्यापूर्वी जागा शोधतो आणि त्याला सगळ्यात जवळचा कोपरा अंधारा मिळाला की तिथे लाल पट्टा उमटतो. कोपऱ्यांत देवादिकांच्या टाइल्स लावण्याचा उपाय मला पटत नाही. त्यात अवमान होण्याची शक्यता आहेच, शिवाय माणूस दोन फूट पलीकडे थुंकतो.

आमच्याकडे चालले ते असे. कोपऱ्यांत उजेड आणला, जिन्याखालच्या कोपऱ्यात तुळशीची कुंडी न ठेवता पाण्याचा माठ ठेवला, बाहेर दारापासून दहा पावलांवर नळ आणि मोरी केली, आणि डाग दिसल्याच्या दिवशीच पुसण्याचा नेम धरला. जुन्या डागावर नवा डाग पाडायला कोणाला संकोच वाटत नाही. आणखी एक अवघड गोष्ट करावी लागली : कार्यालयातील आम्ही तिघांनी आधी आपली पन्नी बाहेर ठेवली. त्यातला एक मी होतो.

१२. येणाऱ्यांसाठी बसायची सोय किती आणि कशी असावी?

रोजच्या गर्दीच्या हिशेबाने पाच-सहा जागा आत आणि पीक विम्याच्या दिवसांत लागणाऱ्या जास्तीच्या जागा ओसरीत, सावलीत असाव्यात. निम्म्या जागांना हात असावेत, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला हातावर जोर देऊनच उठता येते. बाक टेबलांकडे तोंड करून असावा. पिण्याच्या पाण्याचा माठ, झाकण आणि लांब दांड्याचे ओगराळे दारातून आत येताच दिसावे.

दाराशी पायऱ्या असतील तर उतार करावा आणि त्याचे प्रमाण १ ला १२ असावे, म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी. जागा नाही म्हणून चार फुटांत उरकलेला उतार एका गावात पाहिला. तिचाकी सायकलवर आलेल्या भावाला दोघांनी मागून धरावे लागले.

१३. महिलांना आमच्या कार्यालयात अवघडल्यासारखे होते असे सरपंच ताई म्हणतात. रंगरंगोटीने फरक पडेल?

फार नाही. आतून कडी लागणारे, पाणी असलेले, किल्ली मागावी न लागणारे स्वच्छतागृह असेल तर पडेल. दारातच पुरुषांचा घोळका बसण्याची जागा असेल तर बाक हलवून वाट मोकळी करावी. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीची माहिती ठळकपणे लावणे बंधनकारक आहे. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता लावावा.

१४. तलाठी महसूलचे, आम्ही ग्रामपंचायतीचे. एकाच खोलीत दोन खाती असली की निर्णय कोणी घ्यायचा?

इमारत ज्याची त्याचा निर्णय, परंतु टेबल हलवण्यापूर्वी समोरच्याला विचारलेले बरे. तलाठी तहसीलदारांच्या आणि ग्रामपंचायत अधिकारी पंचायत समितीच्या नियंत्रणाखाली असतात, त्यामुळे एकाने दुसऱ्याला आदेश देण्याचा प्रश्न येत नाही. भिंत, दिवे, बाक, पाणी हे ग्रामपंचायतीने पाहावे. आपापले टेबल, कपाट आणि दप्तर ज्याने त्याने. आमचे तलाठी भाऊ सुरुवातीला कपाट हलवायला तयार नव्हते. खिडकीचा उजेड त्यांच्या टेबलावर येईल असे दाखवल्यावर त्यांनीच एका बाजूने कपाट उचलले.

१५. आमचे कार्यालय समाजमंदिरात आहे. भिंतीला खिळाही मारता येत नाही.

मग भिंत विसरावी. चाके लावलेले फलक, सुतळीवर चिमट्यांनी लावलेल्या सूचना, उचलून नेता येणारी बांबूची ताटी आणि घडीच्या खुर्च्या यांवर सगळे बसवावे. लग्न किंवा तेरवी असली की खोली रिकामी करून द्यावी लागते, म्हणून प्रत्येक वस्तू कोणत्या पेटीत जाते हे पेटीच्या झाकणावर लिहून ठेवावे. उजेड, पाणी आणि पाट्यांच्या बाबतीत वरील उत्तरे जशीच्या तशी लागू आहेत.

१६. सहा महिन्यांत सगळे पूर्वीसारखे होते. त्यावर काही उपाय?

शनिवारी कार्यालय बंद असते, म्हणून शुक्रवारी शेवटचा अर्धा तास ठरवून ठेवावा : काचा, माठ, कूलर, कोपरे, मुदत संपलेली भित्तिपत्रके. यादी दाराच्या आतल्या बाजूला लावावी आणि ज्याने काम केले त्याने सही करावी, हजेरीपत्रकासारखी. आमच्या यादीवर मागच्या पावसाळ्यात तीन आठवडे सह्या नाहीत. त्याच काळात उत्तरेकडच्या भिंतीला ओल आली आणि ती कोणाच्याही लक्षात आली नाही. आता दिवाळीनंतर तेवढा भाग पुन्हा खरवडायचा आहे.